‘मूळ नाटकात असं नाही!’

प्रश्न : नाटकांवरून केलेले चित्रपट बघायला मला मनापासून आवडतं. ‘हॅम्लेट’वरचा ‘हैदर’ आणि ‘मॅकबेथ’वरचा ‘मकबूल’ कितीदा पाहिले याची गणती नाही, ‘कट्यार काळजात घुसली’ची गाणी तर घरात सतत चालू असतात. पण आमच्याकडे दोन परीक्षक आहेत. सासरे जुने नाट्यवेडे, एकेकाळी शिवाजी मंदिरचा रविवारचा प्रयोग न चुकवणारे. टीव्हीवर काहीही लावलं की दहाव्या मिनिटाला त्यांचं ‘मूळ नाटकात असं नाही’ सुरू होतं. नणंद इंग्रजी साहित्य घेऊन एम. ए. झालेली. संहिता न वाचता असलं काही बघणं म्हणजे नुसता टाइमपास, असं तिचं मत. तिच्या नादाने ‘हॅम्लेट’ आणलं, दुसऱ्या अंकात अडकले आणि पुस्तक कपाटात गेलं. आधी वाचावं की आधी बघावं? आणि वाचलंच नाही तर माझं नेमकं काय हुकतंय?
– एक प्रेक्षक, मुलुंड

उत्तर : आधी बघा. शेक्सपिअरच्या बाबतीत तर बिनदिक्कत आधी बघा. गोष्ट आधी कळली तर मजा जाईल किंवा उलट, ही धास्ती त्याच्या नाटकांना लागू होत नाही. त्याच्या काळच्या लंडनकरांना यातल्या बऱ्याच गोष्टी अगोदरच ठाऊक होत्या. डेन्मार्कच्या राजपुत्राची कथा जुन्या बखरींत होती आणि तिच्यावरचं एक नाटक शेक्सपिअरच्या आधी लंडनच्या रंगभूमीवर येऊनही गेलं होतं. लिअर राजाचंही तसंच. म्हणजे तुमच्या नणंदबाई ज्याला मूळ म्हणतात ते मुळात रूपांतरच. हे त्यांना जरूर सांगा, पण जेवताना नको.

दुसऱ्या अंकात अडकलात ते साहजिक आहे. ‘हॅम्लेट’ हे शेक्सपिअरचं सर्वांत लांब नाटक, जवळपास चार हजार ओळींचं. त्यातला सर्वांत लांब प्रवेश नेमका दुसऱ्या अंकातला दुसरा. राजपुत्राचे दोन मित्र येतात, नटांचा ताफा येतो, एक नट ट्रॉयच्या युद्धावरचं भलंमोठं भाषण म्हणून दाखवतो. रंगमंचावर हे सगळं चटपटीत चालतं, कारण समोर माणसं हलत असतात. कागदावर मात्र तिथे बहुतेकांचा दम सुटतो. केनेथ ब्रानानं 1996 साली सगळी संहिता न कापता चित्रपट केला, तो चार तासांचा झाला. त्याआधी 1948 साली लॉरेन्स ऑलिव्हिएनं ते अडीच तासांत बसवलं, आणि त्यासाठी राजपुत्राचे ते दोन मित्र आणि शेवटी राज्य घेणारा फॉर्टिनब्रास अशी तीन पात्रं सरळ उडवली. त्या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. सगळं वाचलंच पाहिजे असा आग्रह कुणी धरला तर ऑलिव्हिएचं नाव पुढे करा.

वाचायचंच असेल तर ‘मॅकबेथ’पासून सुरुवात करा. त्याच्या शोकांतिकांमधली ही सर्वांत आखूड, ‘हॅम्लेट’च्या निम्म्याहून थोडी मोठी. आणि तीही सलग वाचू नका. चित्रपट एकदा बघून झाल्यावर फक्त तीन जागा वाचा : पहिल्या अंकातला सातवा प्रवेश, जिथे तो खून करायचा नाही असं ठरवतो आणि बायको त्याचं मन वळवते, तिसऱ्या अंकातला चौथा, मेजवानीत मेलेला मित्र दिसतो तो, आणि पाचव्यातला पाचवा, बायको गेल्याची बातमी येते तो. तिन्ही मिळून एका संध्याकाळचं वाचन आहे. ‘हॅम्लेट’साठी अशाच जागा म्हणजे पहिल्या अंकाचा पाचवा प्रवेश, तिसऱ्याचा दुसरा आणि पाचव्याचा पहिला. ‘ऑथेल्लो’ला एकच पुरे, तिसऱ्या अंकाचा तिसरा. रुमाल तिथेच पडतो आणि संशयही तिथेच पेरला जातो.

मराठीत वाचायचं असेल तर शिरवाडकरांनी ‘मॅकबेथ’वरून केलेलं ‘राजमुकुट’ (1954) आणि विंदा करंदीकरांनी भाषांतरित केलेलं ‘राजा लिअर’ मिळवा. दादर पूर्वेच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात चौकशी करा, किंवा दादर पश्चिमेला पुस्तकांच्या दुकानांत. ‘हॅम्लेट’साठी मात्र आगरकरांच्या ‘विकारविलसित’ला (1883) पहिल्याच फेरीत हात घालू नका. इतिहास म्हणून ते मोलाचं आहे, पण त्या मराठीत शिरायलाच तुम्हाला आठवडा लागेल आणि पुस्तक पुन्हा कपाटात जाईल.

आता खरा मुद्दा. चित्रपट मुळाशी किती प्रामाणिक आहे, हे मोजत बसलात की तुम्ही मुद्रितशोधक होता. कुठे कानामात्रा चुकली एवढंच दिसतं. चित्रपटाच्या आदल्याच रात्री संहिता वाचून काढणाऱ्यांचं हमखास असं होतं. त्याऐवजी प्रत्येक वेळी एकच विचारा : नाटकातली कोणती गोष्ट इथे चालली नसती, आणि तिच्या जागी काय आणलंय? चांगलं रूपांतर ओळखायची खूण हीच. काय गाळलं हे कुणीही सांगतो. गाळलेल्या जागी जे बसवलं ते मूळचं वजन पेलतं का, हे बघण्यात खरी गंमत आहे.

तुम्ही पाठ केलेलाच ‘हैदर’ (2014) घ्या. नाटकात बापाचं भूत येऊन सांगतं की माझा खून झाला, सूड घे. 1995 सालच्या काश्मीरमध्ये भूत आणलं असतं तर हसू झालं असतं. म्हणून तिथे रूहदार येतो, बापाबरोबर तुरुंगात असलेला जिवंत माणूस. निरोप तोच. पण नुसती सोय करून चित्रपट थांबत नाही. नाटकात राजपुत्राला संशय असतो की हे खरंच बापाचं भूत, की सैतान आपल्याला फसवतोय? त्या संशयापायीच तो थांबतो, नाटक रचतो, खात्री करू बघतो. हा संशय गेला असता तर सगळी गोष्ट कोसळली असती. ‘हैदर’मध्ये तो वेगळ्या रूपात टिकतो : रूहदार खरं बोलतोय की तो कुणाचा तरी हस्तक आहे? काश्मीरमधल्या त्या काळात प्रत्येक माणसाबद्दल हाच प्रश्न होता. भूत गेलं, पण भुताने जो संशय आणला होता तो दुप्पट होऊन आला. हे लक्षात ठेवून पुन्हा एकदा बघा. चुलत्यासमोरचा ‘बिस्मिल’ हा नाच म्हणजे नाटकातलं नाटक, आणि बर्फात थडगी खणणारे म्हातारे म्हणजे पाचव्या अंकातले थडगी खोदणारे. हे तर नणंदबाईंनी तुम्हाला सांगितलंच असेल. शेवट मात्र उलटा आहे. नाटकात राजपुत्र चुलत्याला मारतो, इथे समोर सापडलेल्या चुलत्याला सोडून देतो. हा बदल पटतो का, यावर घरात वाद घाला. कोण जिंकलं ते ठरायचं नाही, पण एक संध्याकाळ छान जाईल.

‘ओमकारा’त (2006) अदलाबदल छोटी आहे, पण तीही चोख. ‘ऑथेल्लो’त सगळा गोंधळ एका रुमालावरून होतो. ऑथेल्लोच्या आईचा तो रुमाल, त्यानं बायकोला दिलेला. आज रुमाल हरवला म्हणून कुणी बायकोचा जीव घेईल, हे पश्चिम उत्तर प्रदेशातल्या बाहुबलींच्या गोष्टीत पटलं नसतं. तिथे कमरबंध येतो, घराण्यातला पिढीजात दागिना. आता तो दुसऱ्या पुरुषामार्फत दुसऱ्या बाईच्या कमरेला दिसला की पुढचं काही सांगावं लागत नाही. दुसरा फरक शेवटाचा. शेक्सपिअरचा संशय पेरणारा इयागो जखमी होतो पण जिवंत राहतो आणि तोंड उघडायचं नाकारतो. ‘ओमकारा’तला इयागो म्हणजे लंगडा त्यागी, त्याला त्याची बायको इंदू मारते. मूळ नाटकात बायको सत्य सांगते आणि नवऱ्याच्या हातून मरते. आमच्या मते या एका बदलानं नाटकातल्या एका दुय्यम बाईला तिचं माप मिळालं.

आणि ‘मकबूल’ तर आपल्याच शहरातला. तीन चेटकिणींच्या जागी दोन पोलीस, पंडित आणि पुरोहित. सुरुवातीलाच पावसाच्या रात्री गाडीच्या काचेवर कुंडली मांडतात. चेटकिणी भविष्य सांगून नाहीशा होतात. हे दोघे भविष्य सांगतात आणि ते खरं व्हावं म्हणून हळूच हातही लावतात, कारण टोळ्यांचं पारडं समतोल राहावं ही त्यांची गरज आहे. दैव आणि पोलीस खातं एकाच गणवेशात. अरण्य चालून येईल तेव्हा राजा पडेल, या भाकिताच्या जागी समुद्र घरात येईल असं भाकीत आहे. मुंबईत अरण्य कुठून आणणार? सगळ्यांत मोठी अदलाबदल मात्र निम्मीची. लेडी मॅकबेथ ही मॅकबेथची लग्नाची बायको. निम्मी ही ज्याचा खून व्हायचा त्या टोळीप्रमुख अब्बाजींची बाई. त्यामुळे खुनामागे नुसती गादी उरत नाही, तिच्याबरोबर वासना आणि अपमान येतात. मूळ नाटकातली काटेकोर थंड महत्त्वाकांक्षा इथे कमी झाली, हेही खरं. काही मिळालं, काही गेलं. दोन्ही बोला.

रूपांतर फसतं ते कुठे, हेही कळायला हवं. बहुतेकदा घटना उचलली जाते, पण तिच्यामागचा दाब राहून जातो. ‘रोमिओ आणि ज्युलिएट’मध्ये सगळा अनर्थ एक पत्र न पोचल्यानं होतो. नाटकात पत्र नेणाऱ्या साधूला प्लेगच्या संशयावरून एका घरात कोंडून ठेवतात. ही घटना आजच्या काळात आणायची तर पत्र का पोचलं नाही याचं तितकंच सबळ कारण लागतं. बाझ लुहरमननं 1996 साली मूळ भाषा तशीच ठेवून, तलवारींच्या जागी पिस्तुलं देऊन चित्रपट केला, तेव्हा कुरिअरवाला येतो आणि रोमिओ जागेवर नसतो असं दाखवलं. चालून जातं, पण प्लेगची दहशत नाही. एखादं जुनं नाटक नव्या काळात आणलेलं दिसलं की मनात विचारायचं : यांच्याकडे मोबाइल असता तर? दिग्दर्शकानं याचं उत्तर आधीच शोधलेलं असेल तर चित्रपट बहुधा बरा निघतो. सामाजिक नाटकांना हीच कसोटी अधिक कडक. देवलांचं ‘शारदा’ (1899) म्हाताऱ्या नवऱ्याच्या गळ्यात बांधल्या जाणाऱ्या मुलीचं. त्या वेळी नाही म्हणायची सोय नव्हती, म्हणून ते नाटक आहे. आज नुसता म्हातारा नवरदेव दाखवून भागणार नाही, मुलीच्या पायात नवी बेडी दाखवावी लागेल.

पडद्याला सर्वांत जड जातं ते स्वगत. रंगमंचावर नट पुढे येतो, हजार माणसांशी बोलतो आणि ते कुणाला खटकत नाही. कॅमेऱ्यासमोर तसं बोलला की माणूस वेडा वाटतो. त्यामुळे प्रत्येक दिग्दर्शकाला स्वगताचं काहीतरी करावंच लागतं, आणि तिथेच त्याची अक्कल दिसते. ब्रानानं प्रसिद्ध स्वगत आरशासमोर ठेवलं. आरसा दुतर्फा, पलीकडे चुलता लपून ऐकतोय. म्हणजे एकांतही आणि पहाराही. ‘हैदर’मध्ये तो लाल चौकात गर्दीसमोर बोलतो, गळ्यात फास अडकवून. स्वगताची सभा झाली.

आपल्याकडे ‘नटसम्राट’ बघा. शिरवाडकरांचं नाटक 1970 चं, त्यावर लिअरची सावली आहेच. त्यातले बेलवलकर रंगमंचावर थेट आपल्याशी बोलतात. नटच असल्यामुळे त्यांचा तो हक्कच. महेश मांजरेकरांच्या चित्रपटात (2016) रामभाऊ हा नटमित्र आणला, विक्रम गोखल्यांनी केलेला. नाटक माहीत असलेले लोक म्हणाले, हा कोण उपटला? आमचं उत्तर असं की पडद्यावर समोर प्रेक्षागृह नाही, तेव्हा बेलवलकरांना बोलायला त्यांच्याच तोलाचा एक कान हवा होता. तो रामभाऊ. हे सासऱ्यांना पटेलच असं नाही, पण त्यांनाही यावर विचार करावा लागेल.

संगीत नाटकांचा नियम वेगळा. तिथे आधी ऐकायचं. नाटकाची पदं कानात नसताना चित्रपट पाहिला तर अदलाबदल कळतच नाही, सगळंच नवं वाटतं. दारव्हेकरांचं ‘कट्यार’ 1967 चं, संगीत जितेंद्र अभिषेकींचं, खाँसाहेबांची भूमिका वसंतराव देशपांड्यांची. चित्रपट 2015 चा, सुबोध भाव्यांचा, त्यात शंकर-एहसान-लॉय यांनी नवी गाणी घातली. तुम्हाला चित्रपटातली पाठ आहेतच, तर आता एवढंच करा : ‘घेई छंद मकरंद’ नाटकातलं दोन्ही चालींत शोधून ऐका. एक सालगवराळी रागातली संथ, शब्दांना जपणारी. दुसरी धानीतली, तानांचा पाऊस पाडणारी. पद एक, शब्द तेच, पण दोन घराण्यांचं सगळं भांडण त्या दोन चालींत ऐकू येतं. हेडफोन लावून, डोळे मिटून, पाठोपाठ ऐका. हे झाल्यावर चित्रपट लावा. नाटकात खाँसाहेबांचे प्रतिस्पर्धी पंडितजी लवकर बाजूला होतात आणि खाँसाहेब सगळं व्यापून टाकतात. चित्रपट पंडितजींना मागची गोष्ट देतो, दोघांची मैत्री उभी करतो, हरण्यामागचं कारणही दाखवतो. त्यातून गोष्ट सोपी झाली की खोल, हे ठरवायचं काम तुमचं. आम्हाला विचाराल तर थोडी सोपी झाली. पण कट्यारीलाच निवेदक करून रीमा लागूंचा आवाज देणं ही सूत्रधाराची जागा भरण्याची नामी युक्ती होती.

‘मानापमान’चंही तेच. खाडिलकरांचं नाटक 1911 चं, चाली गोविंदराव टेंब्यांच्या. जानेवारी 2025 मध्ये त्यावरून चित्रपट आला. बघण्याआधी ‘नाही मी बोलत’, ‘चंद्रिका ही जणू’, ‘युवती मना’, ‘शूरा मी वंदिले’ एवढी चार पदं तरी जुन्या ध्वनिमुद्रणांत ऐकून ठेवा. जुन्या प्रयोगात एखादं पद वन्समोअरवर वन्समोअर घेत लांबायचं, रात्र सरायची. चित्रपटात गाणं काही मिनिटांत आवरावं लागतं, म्हणून आलापीची जागा वाद्यमेळ आणि दृश्यं घेतात. हे न कळता बघणारे ‘गाणी फारच झटपट उरकली’ म्हणून कुरकुरतात.

आता थोडं यंत्राकडे. घरच्या टीव्हीत चित्र गुळगुळीत करणारी एक सोय चालू असते, बहुधा मोशन हा शब्द असलेल्या कुठल्यातरी नावाखाली. ती बंद करा. चित्रपट सेकंदाला 24 चौकटींचा असतो. ही सोय मधल्या चौकटी स्वतः बनवून घालते आणि लाखोंचा चित्रपट संध्याकाळच्या मालिकेसारखा दिसायला लागतो. नाटकावरच्या चित्रपटांत याचा जास्त त्रास होतो, कारण त्यांत बोलणारे चेहरे फार. जोएल कोएनचा ‘मॅकबेथ’ (2021) कृष्णधवल आणि जवळपास चौकोनी चौकटीत आहे. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसतील, त्या तशाच असू द्या. चित्र ताणून पडदा भरलात तर माणसं रुंद होतात आणि त्या चित्रपटाची सगळी भूमितीच बिघडते. ट्यूबलाइट बंद हवी, नाहीतर काळोखात खोलीचंच प्रतिबिंब बघत बसाल. पंखा शक्य तेवढा हळू. आवाज वाढवून संवाद कळत नसतील तर ध्वनीच्या यादीत संवाद उचलणारी सोय बघा किंवा हेडफोन लावा.

इंग्रजी चित्रपट मूळ भाषेत असेल तर उपशीर्षकंही इंग्रजीच ठेवा. हिंदी लावलीत तर डोळे एक वाचतात, कान दुसरं ऐकतात आणि पद्याची लय हातातून जाते. डबिंग तर नकोच. मल्याळम किंवा बंगाली असेल तेव्हा इलाज नाही, तिथे जी उपशीर्षकं असतील ती. पहिल्या बघण्यात मध्ये थांबवायचं नाही, शोधाशोध करायची नाही, कोण कुणाचं कोण हे विचारायचं नाही. दुसऱ्यांदा, चार-पाच दिवसांनी, फक्त तुम्ही वाचलेल्या तीन जागांची दृश्यं काढून बघा. पूर्ण चित्रपट लगेच पुन्हा बघितला तर पहिल्याची चव जाते. कोणता चित्रपट कुठल्या ॲपवर आहे ते सतत बदलतं, म्हणून बेत आखायच्या दिवशीच शोधा.

एका गोष्टीची गल्लत टाळा. नाटकाचं चित्रीकरण आणि नाटकावरचा चित्रपट या दोन निराळ्या वस्तू आहेत. चित्रीकरणात नट विसाव्या रांगेसाठी आवाज आणि हात टाकत असतो. कॅमेरा जवळ गेला की तेच भडक वाटतं, आणि माणूस म्हणतो, जुने लोक किती अतिरेकी अभिनय करायचे. अभिनय बरोबरच होता, तुम्ही चुकीच्या अंतरावर बसला आहात. असं चित्रीकरण मोबाइलवर बघू नका, मोठ्या पडद्यावर आणि थोडं लांबून बघा. लंडनच्या नॅशनल थिएटरनं 2009 पासून प्रयोग अनेक कॅमेऱ्यांनी टिपून चित्रपटगृहांत दाखवायला सुरुवात केली. नरिमन पॉइंटच्या एनसीपीएत त्यांचे खेळ होतात, तारखा त्यांच्या कार्यक्रमपत्रिकेत बघा. नणंदबाईंना घेऊन जायला ती उत्तम जागा. मुलुंडहून जाताना सीएसएमटीपासून पुढचा वेळ हिशेबात धरा.

सासऱ्यांचं काय करायचं? त्यांना गप्प बसवू नका, कामाला लावा. ‘मूळ नाटकात असं नाही’ या वाक्यात माहिती नसते. तुम्ही नेमकं विचारलंत की ती बाहेर येते. बेलवलकर त्यांनी कुणाचे पाहिले? डॉ. लागूंचे, दत्ता भटांचे, सतीश दुभाषींचे की यशवंत दत्तांचे? दोन पाहिले असतील तर ‘घर देता का घर’ दोघांनी कसं म्हटलं? कोण ओरडला, कोण पुटपुटला? त्यांनी याचं उत्तर दिलं की त्यांच्याच तोंडून कबुली येईल की एकाच नाटकाचे दोन बेलवलकर निराळे होते. मग पडद्यावरचा तिसरा निराळा असला तर बिघडलं कुठे? संगीत नाटक असेल तर विचारा की ऑर्गनवर कोण होतं, कोणत्या पदाला किती वन्समोअर मिळाले. ही माहिती पुष्कळदा कुठल्याच पुस्तकात नसते, ती अशा माणसांबरोबरच जाते. फोनवर ध्वनिमुद्रण करून ठेवलंत तर फारच उत्तम.

घरात एक नियम लावा. चित्रपटाआधी दहा मिनिटं बाबांची : एक प्रवेश त्यांनी पाहिला तसा सांगायचा. चित्रपट संपल्यावर पहिली पंधरा मिनिटं कुणीही मूळ नाटकाचं नाव काढायचं नाही, फक्त पडद्यावर जे दिसलं त्याबद्दल बोलायचं. नंतर रान मोकळं. पंधरा मिनिटांची अट नणंदबाईंनाही लागू, एम. ए. असल्या तरी.

पुढच्या महिना-दीड महिन्याचा बेत म्हणाल तर एकच नाटक तीन घरांत जाऊन बघा. ‘मॅकबेथ’च घ्या. ‘मकबूल’ पाहिलेला आहेच. मग दिलीश पोत्तनचा मल्याळम ‘जोजी’ (2021). केरळातल्या श्रीमंत घरातला धाकटा, दबलेला मुलगा, वडील अंथरुणाला खिळलेले. तिथे चेटकिणी नाहीत, गादी नाही, आहे ती बापाची मालमत्ता आणि बापाचा धाक. लेडी मॅकबेथच्या जागी बिन्सी वहिनी, आणि ती जवळपास काहीच बोलत नाही. चिथावणी कुठे होते ते पकडायचा प्रयत्न करा, स्वयंपाकघरातल्या दृश्यांवर नजर ठेवा. तिसरा कोएनचा, पावणेदोन तासांचा, शेक्सपिअरच्या शब्दांत. त्यात तिन्ही चेटकिणी कॅथरिन हंटर या एकाच अभिनेत्रीनं केल्या आहेत. तिन्हींमध्ये एकेका आठवड्याचं अंतर ठेवा. तीन दिवसांत तीन पाहिलेत तर चौथ्या दिवशी कोणता खून कुठल्या चित्रपटातला हेच आठवत नाही.

शोकांतिकांचा कंटाळा आला की गुलजारांचा ‘अंगूर’ (1982) लावा, दोन जुळ्यांच्या जोड्यांचा घोळ. तो मात्र काहीही न वाचता बघायचा, घोळाच्या नाटकात अगोदरची माहिती अडचणच करते. आणि त्यानंतर ‘ती फुलराणी’ची रांग. तिचं मूळ म्हणजे शॉचं ‘पिग्मॅलियन’, 1913 चं. फुलवाली प्राध्यापकाशी लग्न करत नाही, हे त्यानं पुढे स्वतंत्र टिपण लिहून ठणकावलं. तरीही 1938 च्या चित्रपटाच्या शेवटी ती परत आलीच, आणि त्याच चित्रपटाच्या पटकथेसाठी शॉला ऑस्करही मिळालं. ‘माय फेअर लेडी’नं (1964) तोच शेवट पुढे चालवला. आपल्याकडे पुलंनी 1975 मध्ये ‘ती फुलराणी’ केली, भक्ती बर्व्यांची मंजुळा गाजली, आणि 2023 मध्ये ‘फुलराणी’ हा चित्रपट आला. या सगळ्यांची फक्त शेवटची पाच मिनिटं एका बैठकीत ओळीनं लावा, आणि प्रत्येकीत शेवटचं वाक्य कुणाच्या तोंडी आहे ते वहीत लिहून ठेवा. नणंदबाईंना शॉचं ते टिपण वाचून दाखवायला सांगा. सासऱ्यांना भक्ती बर्व्यांचा प्रयोग आठवत असेल तर त्या बैठकीत पहिला क्रमांक त्यांचा.